मानसिक आरोग्यसेवेच्या नियोजनात काळजीवाहकांचा सहभाग

आपल्या देशात मानसिक आजार असलेल्या बहुसंख्य व्यक्ती रुग्णालयात नव्हे, तर कुटुंबात राहतात. औषधे वेळेवर देणे, उपचारासाठी तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या ठिकाणी नेणे, आजार उलटण्याची पूर्वचिन्हे ओळखणे ही कामे आई, पत्नी, भाऊ किंवा मुलगी विनामोबदला करीत असते. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (2015-16) विविध मानसिक विकारांबाबत उपचारांपासून वंचित राहणाऱ्यांचे प्रमाण 70 ते 92 टक्के आढळले. ही पोकळी प्रत्यक्षात कुटुंबेच भरून काढतात. मात्र सेवांची आखणी करताना त्यांचा अनुभव क्वचितच विचारात घेतला जातो.

कुटुंबाला उपचारात सामावून घेण्याची परंपरा भारताला नवी नाही. 1950 च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहण्यास प्रोत्साहन दिले. पुढे वेल्लोर येथेही अशी पद्धत रुजली. तथापि, हा सहभाग उपचारापुरता होता. धोरण ठरविण्यात नातेवाइकांना स्थान नव्हते. 1987 च्या मानसिक आरोग्य कायद्यातही नातेवाइकाची भूमिका प्रामुख्याने रुग्णाला दाखल करण्यासाठी अर्ज करणाऱ्याची होती.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 ने हे चित्र बदलले. 2018 मध्ये अमलात आलेल्या या कायद्यानुसार, रुग्णासोबत राहून त्याची जबाबदारी घेणारी व्यक्ती, मग ती मोबदला घेवो वा न घेवो, 'काळजीवाहक' ठरते. केंद्रीय तसेच राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणावर काळजीवाहकांचे किंवा त्यांच्या संघटनांचे दोन प्रतिनिधी नेमण्याची तरतूद आहे. सेवांचा दर्जा ठरविण्याचे काम याच प्राधिकरणांकडे आहे.

येथे एक महत्त्वाचा भेद लक्षात घेतला पाहिजे. काळजीवाहक आणि रुग्ण यांचे हित नेहमीच एक असते असे नाही. थकलेल्या कुटुंबाला रुग्णाने दीर्घकाळ रुग्णालयात राहावे असे वाटू शकते. रुग्णाला मात्र घरी परतायचे असते. म्हणूनच प्राधिकरणांवर मानसिक आजाराचा अनुभव असलेल्या व्यक्तींसाठी स्वतंत्र जागा आहेत. शिवाय आगाऊ निर्देश देण्याचा आणि नामनिर्देशित प्रतिनिधी निवडण्याचा हक्कही रुग्णालाच आहे. तो निर्देश पाळू नये असे काळजीवाहकास वाटल्यास त्याने मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे अर्ज करावा लागतो.

या मंडळाच्या रचनेत मात्र एक उणीव दिसते. सहा सदस्यांपैकी दोन जागा रुग्ण, काळजीवाहक, त्यांच्या संघटना किंवा या क्षेत्रातील स्वयंसेवी संस्था यांच्यासाठी एकत्रितपणे ठेवलेल्या आहेत. त्यामुळे कुटुंबाच्या सर्वांत जवळच्या पातळीवर काळजीवाहकाचा प्रत्यक्ष समावेश निश्चित नाही.

केवळ नेमणुकीने सहभाग साध्य होत नाही. बैठकीसाठी रोजंदारी बुडवावी लागली आणि घरी रुग्णाजवळ थांबणारे कोणी नसले, तर राखीव जागा कागदावरच राहते. प्रवासखर्च, पर्यायी देखभालीची सोय, कामकाज स्थानिक भाषेत चालविणे आणि सूचनांवर काय कार्यवाही झाली हे कळविणे, एवढी व्यवस्था आवश्यक आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात औषधांचा पुरवठा आणि बाह्यरुग्ण विभागाच्या वेळा ठरविताना काळजीवाहकांशी विचारविनिमय झाल्यास उपचार अर्धवट सुटण्याचे प्रमाण कमी होण्यास मदत होऊ शकेल. कायद्याने दार उघडले आहे; त्यातून आत येणे काळजीवाहकांना शक्य व्हावे, ही जबाबदारी प्रशासनाची होय.