चाक बसलं म्हणजे जमलं?

जुन्या पॅलिओला, युनोला अलॉय घालायची हौस आली की पहिला सल्ला ठरलेला: ‘चार बोल्टांचं कुठलंही चाक बसतं.’ बसतं हे खरं, आणि घात तिथेच होतो. फियाटच्या या गाड्यांचा पीसीडी, म्हणजे बोल्टांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, ९८ मिमी. बाजारात ढिगाने मिळणारी चाकं १०० मिमीची. ‘दोन मिलीनं काय होतंय?’

बरंच होतं. एक बोल्ट पुरता आवळला की समोरच्या बोल्टाचं निमुळतं तोंड भोकाच्या कडेवर तिरकं टेकतं. पान्याचा जोर लावला की तो आत जातो, घट्टही वाटतो. पण त्याची दांडी वाकलेली असते आणि पुढे तो सैल पडू शकतो. मुळात चाक बोल्टांवर लटकलेलं नसतं. बोल्ट ते हबवर दाबून धरतात आणि भार पेलतं ते त्या दोन पृष्ठभागांमधलं घर्षण. दाब सुटला की सगळा ताण बोल्टांवर, मग बोल्ट तुटायला वेळ लागत नाही. तपासायची रीत सोपी आहे: गाडी जॅकवर असताना चारही बोल्ट नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत फिरले पाहिजेत. एकालाही पाना लागला तर ते चाक घेऊ नये, कितीही स्वस्त असो.

नटांचंही तसंच. होंडाच्या कंपनीच्या अलॉयना गोल बुडाचे नट लागतात, बाहेरच्या अलॉयना बहुधा निमुळते. जुनेच नट चालवणं ही बचत नव्हे.

‘रुंद टायर म्हणजे जास्त पकड’ हे कोरड्या रस्त्यापुरतं ठीक. साचलेल्या पाण्यावर रुंद टायर लवकर तरंगतो. कोकणात जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. पॉवर स्टीअरिंग नसेल तर हातही भरून येतात. शिवाय उंचीचा हिशेब आहे. १६५/८० आर १३ टायरचा व्यास सुमारे ५९४ मिमी; त्याजागी १८५/६० आर १४ घातला तर ५७८. रिम मोठी झाली, पण चाक जवळजवळ तीन टक्क्यांनी लहान! गाडी आठ मिमी खाली येते आणि स्पीडोमीटर आहे त्याहून जास्त वेग दाखवतो.

ऑफसेट, म्हणजे चाकाचा हबला टेकणारा भाग रिमच्या मध्यापासून किती आत-बाहेर आहे ते अंतर, चुकला तर टायर आतून सस्पेन्शनला नाहीतर बाहेरून मडगार्डला घासतो. स्टीअरिंग दोन्हीकडे पुरतं वळवून, मागे चार माणसं बसवूनच खात्री करावी. नवी चाकं घातल्यावर शंभरेक किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत.

आणि एक बाब हमखास विसरली जाते. अलॉय जाड असल्याने त्यांना बहुधा लांब बोल्ट येतात. स्टेपनी मात्र पातळ लोखंडी रिमची. तिला तेच बोल्ट लावले तर मागच्या ड्रममध्ये टोकं आत घुसून ब्रेकच्या भागांना अडू शकतात. तेव्हा जुने चार बोल्ट डिकीत, जॅकशेजारीच ठेवावेत.