पाणबुडीचा श्वास

पिशोरहून समुद्र फार लांब; तरीही पाणबुडीचे मर्म पिशोरच्या शेतकऱ्याला चटकन उमगेल. डिझेल इंजिन विहिरीच्या काठावर ठेवावे, तळाशी नेऊ नये, हे त्याला ठाऊक असते. इंजिनाला हवा लागते आणि धुराला वाट लागते. धूर तळाशी कोंडला, तर माणसाच्या जिवावरच बेतते.

मग हेच इंजिन घेऊन समुद्रात बुडी कशी मारायची? त्यावर तोड अशी निघाली: पाण्यावर असताना डिझेल इंजिन चालवायचे आणि त्यावरच बॅटऱ्या भरून घ्यायच्या. बुडी मारली की इंजिन बंद. पुढचा प्रवास बॅटरीवरच्या विजेच्या मोटारीने.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने सर्वांत जास्त बांधली ती 'सात' क्रमांकाच्या जातीची पाणबुडी. पाण्यावर ती ताशी १७ सागरी मैल धावे. पाण्याखाली मात्र ताशी ४ मैलांच्या सावकाश चालीने जेमतेम ८० मैल, म्हणजे वीस तासांत बॅटरी रिकामी! खरे पाहता ही पाणबुडी नव्हेच. वेळप्रसंगी बुडी मारणारी बोट, एवढेच. शत्रूने नेमके हेच हेरले. विमानांवर रडार आले आणि श्वास घ्यायला वर आलेली पाणबुडी काळोख्या रात्रीही सापडू लागली. त्या युद्धात जर्मन पाणबुड्यांवरचे सुमारे ३०,००० खलाशी प्राणांस मुकले.

यावर दोन उपाय झाले. पहिला उपाय मूळचा डचांचा, स्नॉर्केलचा. बोट पाण्याखालीच ठेवायची आणि फक्त एक नळी वर काढून इंजिनाला हवा द्यायची. पण लाटेने नळीचे तोंड मिटले, की इंजिन बोटीतलीच हवा ओढू लागे आणि माणसांचे कान ठणकत! दुसरा उपाय मुळातला होता. 'एकवीस' क्रमांकाच्या जातीत बॅटऱ्या सुमारे तिप्पट केल्या आणि बोटीचे अंग माशासारखे गुळगुळीत घडवले. ती पाण्याखालीच ताशी १७ मैल धावू लागली. अशा ११८ पाणबुड्या तयार झाल्या. पण मे १९४५ मध्ये युद्ध संपले, तोवर गस्तीवर निघाल्या होत्या त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच.

पुढे जगभरच्या डिझेल पाणबुड्यांनी हाच वळसा गिरवला. आपल्या नौदलाची पहिली पाणबुडी 'कलवरी' ८ डिसेंबर १९६७ रोजी रशियन बनावटीची आली. भारतात बांधलेली पहिली पाणबुडी 'शाल्की' मुंबईच्या माझगाव गोदीत तयार होऊन ७ फेब्रुवारी १९९२ रोजी नौदलात दाखल झाली. शिवछत्रपतींच्या जलदुर्गाचे नाव धारण करणारी नवी 'खांदेरी'ही त्याच गोदीतली, २०१९ सालची.

तरीसुद्धा श्वासाचा प्रश्न उरतोच. अंबरनाथच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेने त्यासाठी इंधन-घट विकसित केला आहे. बरोबर नेलेल्या ऑक्सिजनवर हा घट पाण्याखालीच वीज तयार करतो. मार्च २०२१ मध्ये जमिनीवरच्या चाचणीत तो यशस्वी ठरला. ज्या पाणबुडीला कमी वेळा वर यावे लागेल, तिच्यातली माणसे घरी परतण्याची आशा तेवढीच जास्त.