मोटारीला पेट्रोलचा वास येतो तेव्हा

चंदीगड हे नगर मोटारीचे भान ठेवून आखलेले आहे. १९५१ साली ल कार्बुझिये यांनी त्याचा आराखडा हाती घेतला, तेव्हा रस्त्यांचे सात प्रकार ठरवून त्यांनी वेगवान वाहनांचा मार्ग घरांच्या दारांपासून दूर नेला. पुढे मोटारी त्या दारांशीच येऊन थांबल्या. आज या शहरात नोंदलेल्या वाहनांची संख्या २०११ च्या जनगणनेतील माणसांच्या संख्येहून अधिक आहे, आणि सेक्टरांतील घरांपुढे, हिरवळींच्या कडेला गाड्या रात्रभर उभ्या असतात. निजण्याच्या खोलीपासून चार पावलांवर वीस-तीस लिटर पेट्रोल साठविलेले आहे, हा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. स्वयंपाकघरात गॅसचा वास आला तर घरातले लहान मूलही ओरडून सांगते. गाडीत पेट्रोलचा वास आला तर मात्र “काल पेट्रोल भरले होते, त्याचाच असेल” असे म्हणून आपण काच खाली करतो.

जळते ती पेट्रोलची वाफ. शून्याखाली चाळीस अंश सेल्सियसच्या थंडीतही ती पेट घेण्याइतकी निर्माण होत असते. हवेत तिचे प्रमाण शेकडा दीड ते साडेसातच्या दरम्यान असले की एक ठिणगी पुरते. शिवाय ही वाफ हवेपेक्षा तिपटी-चौपटीने जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते आणि बंद गॅरेजच्या कोपऱ्यात साचून राहते.

नव्या गाड्यांत ही बाब अधिक गंभीर का झाली, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९८३ च्या डिसेंबरात आलेली पहिली मारुती ८०० कार्ब्युरेटरवर चालत असे. इंजिनाच्या गतीने हलणारा तिचा साधा पंप पेट्रोल जेमतेम वर चढवी. त्याचा दाब टायरमधील हवेच्या दाबाच्या दशांशाइतका. नळीला चीर पडली तर थेंब पडत, वास येई, मिस्त्री तारेने नळी आवळून देई आणि गाडी घरी पोहोचे. आजच्या गाडीत विजेवर चालणारा पंप टाकीतच बुडविलेला असतो आणि तो पेट्रोलला तीन ते चार बार दाबाने, म्हणजे टायरच्या दीडपट दाबाने, इंजेक्टरांपर्यंत ढकलतो. थेट सिलिंडरात पेट्रोल सोडणाऱ्या काही इंजिनांत पुढच्या टप्प्याचा दाब दीडशे बारच्याही वर जातो. येथे चीर पडली तर थेंबाऐवजी तुषार उडतात, आणि ते उडतात तापलेल्या एक्झॉस्टच्या शेजारी. ‘गळती’ हा शब्द छपराला आणि नळाला शोभतो; या प्रकाराला तो जरा सौम्य पडतो. पण मिस्त्रींच्या तोंडी सर्वत्र ‘लीक’ आहे आणि त्याहून चपखल मराठी शब्द भाषांतराच्या इतक्या वर्षांत मला तरी सापडलेला नाही.

चंदीगडच्या हवामानात या दोषाचे एक विशेष फसवे रूप आढळते. जानेवारीच्या पहाटे पारा चार-पाच अंशांवर उतरलेला असतो. मुलांना शाळेत पोहोचविण्यासाठी गाडी सुरू केली की क्षणभर पेट्रोलचा तीव्र वास येतो. पाच-दहा मिनिटांत तो नाहीसा होतो आणि दिवसभर पुन्हा येत नाही. गॅरेजमध्ये गाडी दुपारी, गरम होऊन पोहोचते. मिस्त्री बॉनेट उघडतो, सारे कोरडे पाहतो आणि काही नाही म्हणून सांगतो. त्याचे म्हणणे त्या घटकेपुरते खरेच असते. प्रत्येक इंजेक्टर रबराच्या एका बारीक कड्यावर, ओ-रिंगवर, बसविलेला असतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने हे रबर कडक होते, थंडीत आकसते, आणि इंजिन तापेपर्यंत त्याच्या कडेने पेट्रोल पाझरते. तापले की रबर फुगून फट पुन्हा बुजते. तेव्हा उपाय एकच: गाडी आदल्या संध्याकाळी गॅरेजमध्ये ठेवावी आणि सकाळी मिस्त्रीसमोरच, थंड असताना, प्रथम सुरू करावी. मनीमाजऱ्याच्या मोटार मार्केटात जा की औद्योगिक विभागातील कंपनीच्या सर्व्हिस स्टेशनात, हा आग्रह धरण्यात संकोच नको. ओ-रिंगा फार महाग नसतात. दुर्लक्ष करून महिनोन्महिने गाडी चालविली तर हिशेब निराळा होतो.

उन्हाळ्यात वासाचे कारण बहुधा दुसऱ्या टोकाला, टाकीकडे, असते. टाकीतील वाफ बाहेर जाऊ नये म्हणून ती कोळशाच्या एका डब्यात, कॅनिस्टरमध्ये, शोषून घेतली जाते व नंतर इंजिनात जाळली जाते. पंपावर नळी आपोआप बंद झाल्यावरही “पूर्ण रकमेचे करा” म्हणून आणखी पेट्रोल कोंबले, की द्रव पेट्रोल त्या कोळशात शिरते आणि डबा निकामी होऊ शकतो. मे-जूनच्या त्रेचाळीस अंशांत मग उभी गाडीही वास मारू लागते. या हट्टाचा एक नोंदलेला दाखला आहे. एप्रिल २०१४ मध्ये मारुती सुझुकीने अर्टिगा, स्विफ्ट व डिझायर मिळून १,०३,३११ गाड्या पेट्रोल भरण्याच्या नळकांड्याचा भाग बदलण्यासाठी परत बोलाविल्या. आपोआप बंद होण्याच्या मर्यादेपलीकडे पेट्रोल भरल्यास त्यांतून वास येण्याचा वा गळण्याचा संभव होता. ऑगस्ट २०१९ मध्ये त्याच कंपनीने ४०,६१८ वॅगन-आर गाड्या तपासणीसाठी मागविल्या. पेट्रोलची नळी धातूच्या क्लॅम्पवर घासण्याची शंका, एवढेच कारण होते. अशा परत-बोलावण्यांना १ एप्रिल २०२१ पासून कायद्याचे बळ आले आहे. आपल्या गाडीचा चासी क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर घालून पाहण्यास दोन मिनिटे लागतात. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने तर हे आधी करावे. दोष कंपनीचा ठरला तर दुरुस्तीचा खर्च आपल्यावर पडत नाही.

उंदीर हा तिसरा अपराधी. हिवाळ्यात तो इंजिनाच्या उबेला येतो व नळ्या कुरतडतो. आणि अलीकडे आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल देशभर पसरले. नव्या गाड्यांतील रबर त्यासाठी बनविलेले आहे. जुन्या काही गाड्यांत वीस ते तीस हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग व गॅस्केटे बदलावी लागतील, असे केंद्र सरकारनेच ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितले. ज्यांची गाडी दहा-बारा वर्षांची आहे त्यांनी पुढच्या सर्व्हिसिंगला पेट्रोलच्या नळ्या मुद्दाम पाहावयास सांगाव्या.

गाडीखाली ओल दिसली की घाबरून जाण्याचेही कारण नाही. एअर-कंडिशनरचे पाणी गळते. ते बिनवासाचे असते. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवावा. पेट्रोल लवकर उडून जाते, परंतु पुठ्ठ्यावर डाग आणि वास मागे ठेवते, आणि डागाची जागा पाहून मिस्त्रीचे अर्धे काम होते. डॅशबोर्डावरील दिवा लागलेला नाही यावर विसंबू नये. लहान गळती त्या दिव्याला कळतेच असे नाही.

चालत्या गाडीत अचानक तीव्र वास आला तर गाडी कडेला घ्यावी आणि किल्ली बंद करावी. इंजिन थांबताच पंपही थांबतो. गळती वाढू न देण्याचा याहून जलद मार्ग नाही. मुलांना व वृद्धांना आधी उतरवून वाऱ्याच्या दिशेच्या वर, दूर उभे करावे. “सुरू होते का पाहू” म्हणून पुन्हा किल्ली फिरवू नये: स्टार्टरची ठिणगी आणि पंपाचा दाब दोन्ही एकदम मिळतात. पेट्रोल जमिनीवर सांडलेले दिसत असताना बॅटरीची तारही सोडवू नये, कारण तेथेही ठिणगी उडते. धूर वा ज्वाळा दिसली तर बॉनेट उघडू नये, पाणी ओतू नये, ११२ ला फोन करावा. सामानाची पिशवी आत राहिली तर राहू द्यावी.

दुरुस्तीबद्दल आपल्याकडे काही जुन्या युक्त्या प्रचलित आहेत. पत्र्याच्या टाकीला बारीक छिद्र पडले की त्यावर साबण घासत. गाव गाठेपर्यंत ते चाले. दाबाच्या नळीवर साबण, लांबी किंवा चिकटपट्टी यांतले काहीही टिकत नाही. पाण्याची साधी रबरी नळी कापून स्क्रूच्या क्लॅम्पने बसवून देणारे महाभाग अजून भेटतात. त्यांना नम्रपणे नकार द्यावा. इंजेक्शनच्या नळीवर ‘एस.ए.ई. जे३० आर९’ अशी खूण छापलेली असते, ती पाहावी, किंवा कंपनीचा मूळ भागच घ्यावा. नळी सोडविण्यापूर्वी मिस्त्रीने पंपाचा फ्यूज काढून, इंजिन बंद पडेपर्यंत चालवून आतला दाब उतरविला पाहिजे. गाडी बंद केल्यावरही तो बराच काळ टिकून असतो. इंजिनाच्या जागीच गळत असेल तर मात्र इंजिन चालवू नये. तेव्हा दाब अन्य रीतीने, फडके धरून उतरवावा लागतो. रिकाम्या टाकीला वेल्डिंग करण्याचे धाडस कोणी सुचवील तर ते ऐकू नये. टाकी रिकामी असली तरी आत वाफ असते, आणि भरलेल्या टाकीहून ती अधिक धोक्याची.

काम झाल्यावर, गाडी ताब्यात घेण्यापूर्वी, किल्ली सुरू न करता दोन-तीन वेळा केवळ ‘ऑन’पर्यंत फिरवावयास सांगावे. प्रत्येक वेळी पंप दोनेक सेकंद चालून नळीत दाब भरतो. मग प्रत्येक जोडावर कोरडे पांढरे फडके फिरवावे. ते कोरडे निघाले तर पैसे द्यावे, आणि कोणता भाग बदलला हे बिलावर लिहून घ्यावे.