वाया जाणाऱ्या उष्णतेचा हिशेब

व्यापारात नफा वाढविण्याचे मार्ग दोन: विक्री वाढविणे किंवा गळती थांबविणे. कोळशाच्या वीजकेंद्रांबाबत डेन्मार्कने दुसरा मार्ग धरला.

साध्या औष्णिक केंद्रात कोळशातील निम्म्याहून कमी ऊर्जेची वीज होते. उरलेली बहुतांश उष्णता समुद्रात किंवा हवेत जाते. १९७३ च्या तेलटंचाईने पोळलेल्या डेन्मार्कने १९७९ मध्ये उष्णतापुरवठ्याचा कायदा केला आणि हीच उष्णता गरम पाण्याच्या रूपाने, भूमिगत नळांतून घरोघरी पोहोचविली.

ऑलबोर्गजवळील नॉर्डयुलँड केंद्रातील १९९८ चा तिसरा संच हा याचा उत्तम नमुना होय. तेथे अतिउच्च दाबाची वाफ टर्बाइनमधून काढून दोनदा पुन्हा तापविली जाते. त्यामुळे केवळ विजेची कार्यक्षमता सुमारे ४७ टक्के भरते; उष्णताही वापरल्यास इंधनाचा उपयोग ९० टक्क्यांच्या आसपास जातो.

मात्र ही उष्णता फुकट नसते. वाफ जितकी अधिक गरम असताना काढून घ्यावी, तितकी वीज घटते. म्हणून घरांकडे जाणारे पाणी गरजेपुरतेच तापवितात, आणि ते पुरेसे थंड करून परत न पाठविणाऱ्या ग्राहकाकडून अनेक ठिकाणी जादा आकार घेतात.

काटकसरीने कोळसा कमी लागतो, पण त्याचा धूर संपत नाही. म्हणून ऑलबोर्गनेही कोळसा सोडण्याचे ठरविले आहे. नळांचे जाळे मात्र वाया जाणार नाही. तेथील सिमेंट कारखान्याची उष्णता त्यातून आधीपासूनच शहराला मिळते. इंधन बदलले तरी गळती थांबविण्यासाठी घातलेले भांडवल कामी येतच राहते.