‘तो म्हणाला की मी चुकलो’ : इंग्रजीतील प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष कथन

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं, की शाळेतल्या इंग्रजीच्या पेपरात ‘डायरेक्ट-इनडायरेक्ट’ नावाचा जो छळ असतो, त्याच्यामागे काही विचार आहे की नुसतेच नियम? आम्ही तेव्हा वेळ मारून नेली. आज मात्र त्यावरच बोलू.

आधी आपल्या मराठीकडे पाहू. ‘रमेश म्हणाला की मी चुकलो.’ कोण चुकलं? रमेश, की हे वाक्य सांगणारा? दोन्ही अर्थ होतात. आपण आवाजाच्या चढउतारावरून, प्रसंगावरून ओळखतो. याचं कारण असं, की मराठी दुसऱ्याचं बोलणं सांगताना बहुधा ते आहे तसंच उचलते आणि पुढे ‘की’ किंवा मागे ‘असं’ जोडते. ‘मी उद्या येईन असं तो म्हणाला.’ त्याचा ‘मी’ तसाच, त्याचा ‘उद्या’ही तसाच. संस्कृतात हेच काम ‘इति’ करतो. वाक्य संपलं की ‘इति’ म्हणायचं, म्हणजे इथवर दुसऱ्याचं बोलणं.

इंग्रजी असं करू देत नाही. ‘दॅट’चा उंबरठा ओलांडला की सगळं सांगणाऱ्याच्या जागेवरून मोजायचं. ‘रमेश सेड दॅट आय हॅड मेड अ मिस्टेक’ म्हटलं की चूक माझीच. रमेशची असेल तर ‘ही’. आता हा ‘ही’ म्हणजे रमेश की आणखी तिसराच कोणी, हा नवा घोळ होतोच, पण निदान आमची सुटका झाली.

सर्वनामं, ‘हिअर’चं ‘देअर’, ‘टुमॉरो’चं ‘द नेक्स्ट डे’ हे सगळं या एकाच गोष्टीतून निघतं, म्हणून त्यावर वेळ घालवत नाही. फक्त एक सांगतो. तो आज सकाळी म्हणाला ‘आय विल कम टुमॉरो’, आणि मी ते आज दुपारीच सांगतोय, तर त्याचा उद्या आणि माझा उद्या एकच. मग ‘टुमॉरो’ बदलायचं कारण काय? शाळेत असताना आम्ही तो तसाच ठेवला होता आणि आमचा एक गुण गेला होता. अजून आठवतो.

खरी गंमत आहे ती काळाची. ‘आय ॲम इल’ याचं ‘ही सेड दॅट ही वॉज इल’ होतं. मराठी माणसाला इथे वाटतं की तो आजारी होता, आता बरा झाला. तसं नाही. हा ‘वॉज’ त्याच्या आजाराबद्दल नव्हे, तर बोलणं मागे घडलं याबद्दल सांगतो. तो बरा झाला की नाही, याविषयी वाक्य गप्प आहे. आणि ‘ही सेड दॅट ही इज इल’ असंही इंग्रज माणूस म्हणतो. तो अजून आजारी आहे असं सांगणाराही धरून चालत असेल तेव्हा.

आता शाळेतला प्रसिद्ध अपवाद घ्या : सार्वकालिक सत्य असेल तर काळ बदलत नाही. ‘पृथ्वी सूर्याभोवती फिरते’ हे उदाहरण पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. पण आपण जरा थांबून विचारू या, सत्य कोणाच्या मते? टॉलेमी म्हणाला की सूर्य पृथ्वीभोवती फिरतो. त्याच्या दृष्टीने ते सार्वकालिक सत्यच होतं. तरी आपण इंग्रजीत लिहिताना ‘वेन्ट राउंड’ लिहितो. ‘गोज राउंड’ लिहिलं तर वाचणारा दचकेल, की हे गृहस्थही तेच मानतात की काय! म्हणजे वर्तमानकाळ ठेवणं ही सांगणाऱ्याची सही आहे. कोपर्निकसच्या बाबतीत सही करायला आपली हरकत नसते, म्हणून ‘गोज’ चालतो. ‘वेन्ट’ही चुकीचा नाही, फक्त तिथे आपण सही केलेली नाही. हे कळलं की नियम पाठ करावा लागत नाही.

प्रश्नांबाबत एवढंच, की प्रश्न ‘दॅट’ घेत नाही आणि त्याचा क्रम साध्या विधानासारखा होतो : ‘ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ड’. आपण ‘आस्क्ड मी दॅट व्हेअर डू आय लिव्ह’ म्हणतो, कारण डोक्यात ‘की’ असतो.

आता आमच्या विषयाकडे येतो. अवतरणचिन्हांत आपण शब्दांची हमी देतो. ‘दॅट’नंतर कशाची हमी देतो? अर्थाची, असं आपण पटकन म्हणू. पण किती बदल केला तर अर्थ तोच राहतो?

आमच्याच बाबतीत घडलेलं सांगतो. एका बैठकीत आम्ही म्हणालो, ‘जो तासाला रोज उशिरा येतो, त्याच्यावर कारवाई झाली पाहिजे.’ कोण उशिरा येतो, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. तो आमचा जिवलग मित्र होता. घरी पत्नीचं मोठं आजारपण चाललं होतं. कोणीतरी त्याला जाऊन सांगितलं, ‘सर म्हणाले, तुमच्यावर कारवाई झाली पाहिजे.’ दोन वर्षं तो आमच्याशी बोलला नाही. सांगणाऱ्याने खोटं काय सांगितलं? उशिरा येणारा तोच होता. एका वर्णनाच्या जागी त्याच माणसाचा दुसरा उल्लेख घातला, इतकंच.

गोट्लोब फ्रेगे या जर्मन तर्कज्ञाने 1892च्या निबंधात हीच अडचण पकडली आहे. एरवी शब्द वस्तूकडे बोट दाखवतात. अप्रत्यक्ष कथनात आले की ते वस्तूकडे नाही, तर आपल्या नेहमीच्या अर्थाकडे बोट दाखवतात. म्हणून तिथे ‘उशिरा येणारा’ काढून ‘तुम्ही’ घालता येत नाही, माणूस एकच असला तरी. पुढे क्वाइनने अशा जागांना अपारदर्शक म्हटलं : शब्दांतून आरपार वस्तू दिसत नाही. आम्ही हे वर्षानुवर्षं वर्गात शिकवत होतो, आणि त्या मित्राला समजावताना यातलं एकही वाक्य उपयोगी पडलं नाही. शेवटी बैठकीला हजर असलेल्या दुसऱ्या सहकाऱ्याने आमचे शब्द त्याला जसेच्या तसे म्हणून दाखवले, तेव्हा तो घरी आला.

मागून एक विद्यार्थिनी विचारते आहे, की मग परीक्षेत ‘टुमॉरो’चं काय करायचं? ‘द नेक्स्ट डे’ लिही बाळ, आणि गुण घे.