विश्लेषण : प्रायोगिक लघुपटाला पैसे कोण देतं? तो प्रेक्षकांपर्यंत पोहोचतो कसा?

मोबाइलवर लघुपट चित्रित करणं आता सोपं झालं आहे. अवघड आहे ते त्याच्या आधीचं आणि नंतरचं काम : पैसे उभे करणं आणि फिल्म लोकांना दाखवणं. त्यातही सरळ गोष्ट न सांगणारी प्रायोगिक फिल्म असेल, तर निर्माते हात आखडता घेतात. तरीही अशा फिल्म होतात. कशा?

फाळकेंनी काय केलं होतं?

इंग्लंडहून कॅमेरा आणल्यावर दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभर त्याचं थोडं थोडं चित्रण केलं. ‘अंकुराची वाढ’ या जेमतेम मिनिटभराच्या फिल्ममध्ये दाणा रुजून रोप वाढताना दिसत होतं. फाळकेंनी ती निवडक लोकांना दाखवली, ती भांडवलासाठीच. त्यातून कर्ज मिळालं. पत्नी सरस्वतीबाईंचे दागिनेही कामी आले. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला.

हे गणित फारसं बदललेलं नाही. लघुपट स्वतः क्वचितच कमावतो. तो पुढच्या कामाची दारं उघडतो. पायल कपाडिया यांचा ‘आफ्टरनून क्लाउड्स’ हा एफटीआयआयमधला लघुपट २०१७ मध्ये कान महोत्सवाच्या विद्यार्थी विभागात होता. २०२४ मध्ये त्यांच्या चित्रपटाला तिथेच ‘ग्रां प्री’ मिळालं.

पैसे कुठून येतात?

पहिला मार्ग चित्रपट संस्थेतल्या अभ्यासक्रमाचा, दुसरा अनुदानाचा. बंगळूरुची ‘इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स’ कलाप्रकल्पांना अनुदान देते. तिसरा लोकवर्गणीचा. गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि १९७६ मध्ये ‘मंथन’ आला. मात्र तिथे दूध सहकारी संघांचं जाळं आधीच उभं होतं. म्हणजे वर्गणी मागण्याआधी आपली माणसं जोडलेली असावी लागतात. बाकी बहुतेकांचा चौथा मार्ग म्हणजे स्वतःचा खिसा.

वितरणाची व्यवस्था कशी असते?

न्यूयॉर्कमध्ये योनास मेकस आणि सहकाऱ्यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला ‘फिल्म-मेकर्स कोऑपरेटिव्ह’ सुरू केली. फिल्मचे हक्क दिग्दर्शकाकडेच राहतात. संस्था ती विद्यापीठं, संग्रहालयं, महोत्सवांना भाड्याने देते आणि भाड्याचा वाटा दिग्दर्शकाला मिळतो. पॅरिसची ‘लाइट कोन’ १९८२ पासून असंच काम करते. आपल्याकडे १९९० पासूनचा मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव (मिफ) माहितीपट, लघुपट आणि अॅनिमेशनसाठी आहे. बंगळूरुच्या ‘एक्सपेरिमेंटा’चा भर खास प्रायोगिक सिनेमावर असतो.

मग थेट यूट्यूबवर का टाकू नये?

टाकता येते, पण कधी टाकायची हे महत्त्वाचं. काही महोत्सव आधीच ऑनलाइन आलेली फिल्म स्वीकारत नाहीत. कानच्या लघुपट स्पर्धेसाठी १५ मिनिटांची मर्यादा आहे, शिवाय फिल्म इंटरनेटवर आलेली नसावी लागते. उत्साहाने दाबलेलं ‘पब्लिश’ बटण हे दार बंद करू शकतं. जाहिरातींतून थेट मोठ्या कमाईची अपेक्षाही नको. जाहिरातींच्या उत्पन्नातला वाटा मिळण्यासाठी चॅनलला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तासांचा वॉच टाइम लागतो (किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज).

चित्रीकरणाआधी काय ठरवावं?

सगळे पैसे चित्रीकरणावर संपवू नयेत. प्रवेश शुल्क, इंग्रजी सबटायटल्स आणि थिएटरच्या प्रोजेक्टरवर चालणारी डीसीपी प्रत, हा खर्च नंतरच येतो. पार्श्वभूमीला गाणं वापरायचं तर रचनेचे आणि ध्वनिमुद्रणाचे हक्क वेगवेगळे असतात. दोन्हींची परवानगी लागते. कलाकार-तंत्रज्ञांशी साधा का होईना, लेखी करार करावा. मानधन न घेता काम करणाऱ्या मित्राशीसुद्धा. फिल्म कुणाच्या मालकीची हे कागदावर नसेल, तर निवड झाल्यावरही ती अडकून पडू शकते.

आणि क्रम लक्षात ठेवावा : आधी महोत्सव, मग फिल्म सोसायट्या आणि महाविद्यालयांतले खेळ, शेवटी इंटरनेट. उलटा प्रवास सहसा करता येत नाही.