चेंडू कुठे थांबेल?

१९९० साली ‘अ‍ॅकोलेड’ या कंपनीने जॅक निकलस या गोल्फपटूच्या नावाचा एक संगणकीय खेळ काढला. त्यात गोल्फचे मैदान स्वतः आखण्याचीही सोय होती. असे मैदान आखताना आपण नेमके काय करतो?

संगणकाला टेकडी दिसत नाही. त्याच्या लेखी जमीन म्हणजे बहुधा चौकटींचे जाळे आणि प्रत्येक बिंदूला दिलेला उंचीचा आकडा. शेजारशेजारच्या आकड्यांतला फरक म्हणजे उतार.

समजा, १ मीटर अंतरात जमीन २ सेंटिमीटर उतरते आणि गवताचा विरोध ५ सेंटिमीटरपर्यंतच्या उताराला पुरेसा आहे. चेंडू हळूहळू थांबेल. आता उतार ८ सेंटिमीटर करू. १०८ मिलिमीटर व्यासाचा खळगा जरासा हुकला, तरी चेंडू पायथ्यापर्यंत घरंगळत जाईल. लहान चूक आणि मोठी चूक, दोन्हींना शिक्षा एकच! असे मैदान अवघड नव्हे, अन्यायाचे.

वर्गात संगणक नसला तरी अडत नाही. चौकटींच्या वहीत उंचीचे आकडे लिहू आणि मुलांना विचारू : चेंडू कुठे थांबेल? आणि तो थांबावा, म्हणून कोणता आकडा बदलाल?